गुणपत्रिकेआधी दिनक्रम तपासा: पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

निकाल मनासारखा लागला नाही की घरी चौकशी होते ती अभ्यासाची. किती तास बसत होतास, क्लास लावला होता का, मागच्या वर्षांचे पेपर सोडवलेस का, हे प्रश्न ठरलेले असतात. सेमिस्टरभर किती वाजता झोपत होतास, दुपारच्या प्रॅक्टिकलला डोळे मिटत होते का, हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नांसाठी आहे. घर सोडून पुणे, नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शिकायला आलेले, वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणारे आणि मेसवर जेवणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. कारण झोपणे, उठणे, जेवणे या साऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर एकदमच येऊन पडते आणि ती कशी पेलायची हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आधी एक खुलासा आवश्यक आहे. सवयी आणि गुण यांचा संबंध दाखवणारी बहुतेक संशोधने निरीक्षणावर आधारलेली आहेत. नीट झोपणाऱ्या विद्यार्थ्यांना गुण चांगले मिळतात, एवढे त्यांतून कळते. गुण झोपेमुळेच मिळाले, असे ठामपणे म्हणता येत नाही. अभ्यास मागे पडल्याच्या काळजीनेही झोप उडते आणि पैशांची चणचण असली की जेवणही बिघडते, अभ्यासही. तरीही झोपेपुरते बोलायचे तर पुरावा बऱ्याच दिशांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो: परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या सुधारणेने फारसे काही साधत नाही, आधीच्या कित्येक आठवड्यांचा दिनक्रम निर्णायक ठरतो. म्हणूनच खालील पायऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला हाती घ्यायच्या आहेत. निम्मे सेमिस्टर उलटले असेल तर आजपासून सुरू करा, पण सगळ्या एकाच दिवशी सुरू करू नका.

पायरी पहिली: दोन आठवडे फक्त नोंद ठेवा

या दोन आठवड्यांत काहीही बदलायचे नाही. एक साधी वही घ्या आणि रोज रात्री पाच ओळी लिहा: किती वाजता झोप लागली आणि किती वाजता उठलात, काय आणि केव्हा खाल्ले, चहा-कॉफी किती वेळा झाली व शेवटची केव्हा घेतली, चालणे किंवा खेळणे किती झाले, आणि अभ्यासाला बसलेल्या वेळापैकी लक्ष खरोखर किती वेळ लागले. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ‘सहा तास बसलो होतो’ या वाक्याने आपण स्वतःचीच समजूत घालत असतो.

उदाहरणादाखल एखाद्या पानावर अशी नोंद असेल: ‘मंगळवार. काल १.५० ला झोपले, आज ८.२० ला उठले. नाश्ता नाही. दुपारी मेस, तीन चपात्या, बटाटा. चहा चार वेळा, शेवटचा रात्री ११ ला. अडीचच्या प्रॅक्टिकलला पेंगले. अभ्यास दोन तास, लक्ष पाऊण तास.’ अशी चौदा पाने एकापुढे एक ठेवली की दोष कुठे आहे ते बहुधा दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. कोणाच्या वहीत शनिवार-रविवारचे पहाटे तीनपर्यंतचे जागरण दिसेल, कोणाच्या वहीत सकाळी साडेसातच्या लेक्चरपासून दुपारी दीडपर्यंतचे रिकामे पोट.

मोबाईलमधील ॲपवर हीच नोंद ठेवता येते, पण माझा सल्ला वहीचाच आहे. झोपण्यापूर्वी पुन्हा मोबाईल हाती घेण्याचे निमित्त त्यामुळे टळते.

पायरी दुसरी: उठण्याची वेळ बांधून घ्या

सगळ्या सवयींपैकी एकच सुधारायची असेल तर झोपेची सुधारा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रसायनशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतलेल्या सुमारे १०० विद्यार्थ्यांच्या मनगटावर सेमिस्टरभर हालचाल आणि झोप मोजणारे पट्टे बांधण्यात आले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुणांतील फरकापैकी जवळजवळ पाव हिस्सा झोपेची लांबी, गुणवत्ता आणि नियमितपणा यांच्याशी जोडलेला आढळला. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा. रात्री दोननंतर झोपणाऱ्यांची कामगिरी, झोपेचे तास तेवढेच भरूनही, खालावलेली होती.

दुसरा अभ्यास २०२३ चा आहे. तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या झोपेची सत्राच्या सुरुवातीलाच मोजणी करून नंतर त्यांचे सत्राअखेरचे गुण पाहण्यात आले. रोजची सरासरी झोप एका तासाने कमी असेल तर चारपैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरी श्रेणीत (जीपीए) सुमारे ०.०७ ची घट दिसली आणि सहा तासांखाली गेलेल्यांचे नुकसान ठळक होते. मागच्या सेमिस्टरचे गुण आणि अभ्यासाचा भार हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. ०.०७ हा आकडा लहान वाटतो, पण रोज दोन-अडीच तास कमी झोपणाऱ्याच्या बाबतीत तो वाढत जातो.

नियमितपणाचा मुद्दा हार्वर्डमधील ६१ विद्यार्थ्यांच्या २०१७ च्या अभ्यासातून अधिक स्पष्ट होतो. रोज वेगवेगळ्या वेळी झोपणारे आणि ठरावीक वेळी झोपणारे यांच्या झोपेचे एकूण तास जवळपास सारखे होते. तरीही अनियमित गटाचे गुण कमी होते आणि त्यांच्या शरीरातील रात्रीचे घड्याळ सुमारे पावणेतीन तास मागे पडलेले होते. अशा विद्यार्थ्याला सकाळी नऊच्या लेक्चरला बसवणे म्हणजे त्याच्या शरीराच्या हिशेबाने पहाटे सहाला बसवणे होय.

म्हणून झोपण्याची वेळ ठरवण्याआधी उठण्याची वेळ ठरवा. झोप आणता येत नाही, पण उठणे आपल्या हातात असते. आठवड्यातील सर्वांत लवकरचे लेक्चर किंवा प्रॅक्टिकल पाहून त्याच्या दीड तास आधीची वेळ घ्या आणि ती सातही दिवस पाळा. रविवारी फार तर एक तासाची सूट घ्या. सुरुवातीचे तीन-चार दिवस दुपारी झापड येईल; ती सोसवली नाही तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, त्याहून लांबवू नये. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे उघड्यावर, उजेडात घालवा, कारण शरीराचे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालते. आठ-दहा दिवसांत रात्रीची झोप आपोआप अलीकडे येऊ लागते. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तासांची झोप लागते. साडेसहाला उठायचे असेल तर साडेअकरापूर्वी दिवा बंद होणे आवश्यक आहे.

येथे खरी अडचण रूम-पार्टनरची असते. तिघांच्या खोलीत एकाला एक वाजेपर्यंत दिवा हवा असतो, दुसऱ्याचे फोनवर बोलणे चालते. याची वाच्यता सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच करावी, भांडण झाल्यावर करू नये. साडेअकरानंतर मोठा दिवा बंद, टेबल लॅम्प चालू, फोन बाहेर पॅसेजमध्ये, एवढे तिघांनी मिळून ठरवले तरी पुष्कळ होते. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि कानात घालायचे बोळे औषधांच्या दुकानात मिळतात आणि त्यांचा उपयोग होतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत किंवा बाहेर कुठे काम करणाऱ्यांना वेळा हातात नसतात. त्यांनी कामाच्या दिवसांत आणि सुटीच्या दिवसांत उठण्याच्या वेळेतील अंतर एका तासाच्या आत ठेवण्यावरच भर द्यावा.

पायरी तिसरी: चहा आणि मोबाईल यांना वेळेची चौकट घाला

चहा सोडा, असे सांगणारा सल्ला आपल्याकडे कोणी पाळणार नाही आणि त्याची गरजही नाही. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही एकूण झोप तासाभराहून अधिक घटल्याचे २०१३ च्या एका प्रयोगात दिसले होते. ती मात्रा ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे एका कटिंगहून कितीतरी जास्त होती, पण टपरीवर दिवसभरात सात-आठ वेळा जाणाऱ्याने तिचा विचार करावा. साडेअकराला झोपायचे असेल तर शेवटचा चहा पाचच्या सुमारास घ्या. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडील नियमानुसार लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकते. रात्री दहाला असा एखादा कॅन पिऊन मारलेली ‘नाइट’ दुसऱ्या दिवशीच्या दोन लेक्चरांच्या खर्चाने येते.

मोबाईलबाबत इच्छाशक्तीवर विसंबू नये. चार्जर पलंगापासून दूर, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावा आणि गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचे घड्याळ घ्या. अभ्यासिकेत जाताना फोन बॅगेत, बॅग लॉकरमध्ये, असा क्रम ठेवला की लक्ष लागलेल्या वेळेचा आकडा वहीत आठवड्याभरात वाढलेला दिसेल.

पायरी चौथी: मेसच्या ताटात काय कमी आहे ते पाहा

मेसचे ताट पोट भरते, यात शंका नाही. चार चपात्या, भात, एक भाजी आणि पातळ आमटी यांत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. कमी पडतात ती प्रथिने, पालेभाज्या आणि फळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. आमटी वाटीभर आणि दाट असेल तर दोन वेळच्या जेवणातून बराचसा भाग भरून निघतो. आमटीत डाळ शोधावी लागत असेल तर निघत नाही. त्यासाठी महागड्या पावडरी नकोत. मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे सात ग्रॅम, दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. भिजवलेली मटकी, फुटाणे, दही, ताक हे खोलीत ठेवण्याजोगे किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे पदार्थ आहेत. मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. कांदा, लिंबू आणि मीठ घालून ती चुलीविना खाता येते. मात्र कच्चे खाल्लेले मोड पोटाला बाधत असतील तर इलेक्ट्रिक किटलीतील उकळत्या पाण्यात चांगले वाफवून घ्यावेत.

नाश्त्याबद्दलचा पुरावा झोपेइतका भक्कम नाही, हे सांगायला हवे. नाश्ता न करताही काहींचे उत्तम चालते. पण तुमच्या वहीत रिकाम्या पोटी काढलेल्या सकाळी आणि न लागलेले लक्ष एकत्र दिसत असतील, तर दोन आठवडे नाश्ता करून पाहा आणि फरक स्वतःच तपासा. नुसत्या पोह्यांपेक्षा शेंगदाणे किंवा मोड घातलेले पोहे अधिक वेळ पुरतात.

रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. दुपारच्या फीस्टला गोडधोड भरपूर होते, रात्री वडापाव किंवा काहीच नाही, आणि उशिराची भूक उशिराच्या जागरणाला निमंत्रण देते. सोमवारची सकाळ बिघडण्यामागे हे एक साधे कारण असते. रविवारच्या रात्रीची सोय शनिवारीच करून ठेवा: दूध, केळी, ब्रेड आणि अंडी एवढ्यावरही भागते.

पायरी पाचवी: रक्त तपासून घ्या

आळशी, झोपाळू, लक्ष नसलेली असा शिक्का बसलेल्या कित्येक विद्यार्थिनींना खरे तर रक्तक्षय असतो, आणि हा अन्याय थांबायला हवा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांना सोळा आठवडे लोह दिल्यावर, ज्यांच्या शरीरातील लोहसाठा वाढला त्यांची लक्ष, स्मरण आणि शिकणे यांच्या चाचण्यांतील कामगिरी ठळकपणे सुधारली. झोप आणि गुण यांचे वर सांगितलेले अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे होते, हा मात्र प्रत्यक्ष उपचार करून पाहिलेला परिणाम होता; म्हणून मी या पायरीला एवढे महत्त्व देतो.

जिना चढताना धाप लागणे, सतत थकवा, डोके जड वाटणे, केस गळणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, पाळीत जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात रक्तस्राव होणे, यांपैकी काही असेल तर हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. स्त्रियांमध्ये ते १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची वेगळी तपासणी असते आणि ती करायची की नाही हे डॉक्टर सांगतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार विनामूल्य आहेत, त्यामुळे पैशांअभावी हे टाळू नये. शाकाहारी विद्यार्थ्यांनी, विशेषतः हातापायांना मुंग्या येत असतील तर, बी-१२ जीवनसत्त्वाबद्दलही विचारावे.

लोहाच्या गोळ्या मैत्रिणीने घेतल्या म्हणून आपणही घेऊ नयेत. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, काही कुटुंबांत थॅलेसेमियाचा वारसा असतो, आणि अशा वेळी रक्त कमी असण्याचे कारणच वेगळे असते. कारण कळल्यावर उपचार करावा. आहारात मात्र कोणीही हे बदल करू शकते: जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, कारण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही, एक-दीड तासाचे अंतर ठेवा. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा किंवा जोडीला आवळा, पेरू खा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. गूळ-शेंगदाणे अवश्य खावेत, पण त्यांनी रक्तक्षय बरा होईल अशी आशा धरू नये.

पायरी सहावी: हालचाल

येथे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची आहे. एमआयटीच्या त्याच अभ्यासाची सुरुवात व्यायामाने गुण वाढतात का हे पाहण्यासाठी झाली होती आणि तसा संबंध त्यात आढळला नाही. म्हणून गुणांसाठी जिम लावू नका. चांगली झोप लागण्यासाठी, मन हलके राहण्यासाठी आणि तासन्‌तास बसून आखडलेल्या पाठीसाठी चाला, खेळा, सूर्यनमस्कार घाला. संध्याकाळची अर्ध्या तासाची फेरी बहुतेकांना पुरते. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी दूरवर पाहावे, आणि मागच्या बाकावरून फळा धूसर दिसत असेल तर नंबर तपासून घ्यावा.

पायरी सातवी: परीक्षेचे पंधरा दिवस आणि उन्हाळा

पेपर सकाळी दहाचा असेल तर पंधरा दिवस आधीपासून दहा ते एक या वेळेतच जुने पेपर सोडवायला बसा. दुपारचा असेल तर दुपारी बसा. जागरण करायची वेळ आलीच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले होते; आपल्या देशात वाहन चालवण्यासाठीची मर्यादाच ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला विद्यार्थी मध्यरात्री त्या स्थितीला पोहोचलेला असतो. त्यानंतर वाचलेले पान दुसऱ्या दिवशी आठवत नाही, कारण दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम झोपेतच होते. सबमिशनच्या आठवड्यात जर्नल पूर्ण करण्याचे जागरण टाळण्याचा एकच मार्ग आहे: दर प्रॅक्टिकलनंतर त्याच आठवड्यात ते लिहून तपासून घेणे.

विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना एप्रिल-मे महिन्यांतील परीक्षा उन्हाच्या काहिलीत द्याव्या लागतात. २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत बॉस्टन येथील वसतिगृहांत राहणाऱ्या ४४ विद्यार्थ्यांच्या रोज सकाळी चाचण्या घेतल्या असता, वातानुकूलन नसलेल्या इमारतीतील विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सुमारे १३ टक्क्यांनी मंदावलेला होता. ही मुले तरुण आणि निरोगी होती, आणि तिथला उकाडा चंद्रपूरच्या मे महिन्यापुढे सौम्य होता. म्हणून अभ्यासाचा जड भाग पहाटे पाच ते नऊ या वेळेत उरका, सर्वांत वरच्या मजल्यावरील तापलेल्या खोलीऐवजी तळमजल्यावरची अभ्यासिका शोधा, रात्री खिडकीला ओली चादर किंवा कूलर यांची सोय करा आणि पेपरला जाताना पाण्याची बाटली, शक्य तर मीठ-साखर-लिंबाचे पाणी, सोबत ठेवा.

पायरी आठवी: सवय पुरेशी नाही हे ओळखा

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ झोप लागत नसेल किंवा अंथरुणातून उठवत नसेल, जेवण नकोसे झाले असेल, आवडत्या गोष्टींतही मन रमत नसेल, तर वेळापत्रक बदलून हे सुटणार नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य असून मराठीत बोलता येते. जगू नये असे विचार येत असतील तर उद्याची वाट न पाहता त्याच क्षणी तेथे फोन करा किंवा जवळच्या माणसाला सांगा. एटीकेटी लागलेला किंवा वर्ष गेलेला मित्र अचानक गप्प झाला असेल तर त्याच्या खोलीत जाऊन बसा आणि सरळ विचारा. थेट विचारल्याने असे विचार वाढतात, ही समजूत चुकीची आहे.

तंबाखू, सिगरेट आणि दारू यांबद्दल एवढेच सांगतो की निकोटिनने आलेली तरतरी तासाभरात उतरते आणि पुढच्या सिगरेटची गरज निर्माण करते, तर दारूने झोप लवकर लागली तरी ती मध्यरात्रीनंतर तुटक होते. सुटत नसेल तर डॉक्टरांची मदत मिळते.

पायरी नववी: पुन्हा मोजा

पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदीनंतर एका वेळी एकच बदल करा आणि त्याला तीन आठवडे द्या. पहिला बदल उठण्याच्या वेळेचा असावा, दुसरा शेवटच्या चहाचा, तिसरा नाश्त्याचा किंवा जेवणातील प्रथिनांचा. रक्ततपासणीला मात्र थांबायचे कारण नाही, ती पहिल्याच महिन्यात करावी. प्रत्येक बदलानंतर झोपेच्या तासांपेक्षा ‘लक्ष किती वेळ लागले’ ही ओळ पाहा. इंटर्नलचे गुण आले की ते त्याच वहीत, त्याच तारखेखाली लिहा. तीन आठवडे प्रामाणिकपणे पाळूनही एखाद्या बदलाने काहीच फरक पडला नसेल तर तो सोडून पुढच्याकडे वळा, आणि सगळे करूनही थकवा तसाच राहिला तर ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पाच मिनिटांच्या तपासणीत तोंडी सांगता येणार नाही एवढी माहिती त्यांना त्या पानांतून मिळेल.